होपींची वंशावळ, मुक्काम रुसैल

रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत लाद्यांच्या एका गोदामावर पत्र्याच्या छताखाली आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर संगमरवर कापायचं यंत्र चाले आणि वर आम्ही सहा बायका आणि दोन पुरुष कानात कापसाचे बोळे घालून अमेरिकेतल्या लोकांचे खापरपणजोबा शोधत असू. लग्नकार्यात कुणाला हे सांगितलं की माणसं दोन क्षण थांबतात आणि मग विचारतात, "आणि मिस्टर काय करतात?"

मिस्टर तिथून तीन गल्ल्या पलीकडे केबलच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. मुलगी इंजिनिअरिंगला गेल्यावर मी रत्नागिरीची भूमी अभिलेखातली नोकरी सोडून मस्कतला आले. अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये खिडकीतून समोरच्या मंत्रालयाचं पार्किंग बघून बघून कंटाळले, म्हणून ही नोकरी धरली. ती चौदा वर्षं टिकली. गेल्या वर्षी निवृत्त झाले.

मला घेतलं ते मोडीमुळे. आमचे मॅनेजर कुरियनसर केरळचे. मुलाखतीत त्यांनी एक कागद पुढे सरकवला. शंभर वर्षांपूर्वी कुठल्याशा अमेरिकन सरकारी कारकुनाने टाकाने लिहिलेला. गांडूळ शाईत बुडवून कागदावर सोडलं तर जसं दिसेल तसं अक्षर. मी चष्मा लावला आणि वाचून दाखवलं. माझं इंग्रजी बेताचं, पण अक्षर हा निराळा विषय आहे. आपल्याकडच्या जुन्या तलाठ्यांची दप्तरं ज्याने वाचली, त्याला जगातला कुठलाही कारकून अडवू शकत नाही. सगळे कारकून जेवणाआधी नीट लिहितात आणि जेवणानंतर ओळ सोडून. ही गोष्ट मला रत्नागिरीत कळली होती आणि ॲरिझोनातही ती तशीच निघाली.

ॲरिझोना यासाठी की माझ्याकडे होपींचं टेबल आलं. होपी हे तिथले मूळचे लोक. ओसाड पठारावर उंच, सपाट माथ्याचे कातळ आहेत, त्यांना मेसा म्हणतात. त्या माथ्यांवर आणि पायथ्याशी त्यांची गावं. आपल्याकडे कुळीथसुद्धा रुजणार नाही अशा जमिनीत ते मका पिकवतात. कूळ आईकडून चालतं. पूर्वी आडनाव हा प्रकार नव्हता. सरकारी कारकून गावात येई, माणसं विचारी आणि कानाला लागेल तसं लिहून घेई. एकच बाई पाच वर्षांत पाच स्पेलिंगांनी सापडे. शिवाय मुलांना दूरच्या शहरांत निवासी शाळांना नेत, तिथे घरचं नाव काढून इंग्रजी नाव लावत. माझं काम एवढंच, की ती पाच स्पेलिंगं आणि एक इंग्रजी नाव ही एकच बाई आहे का, ते सांगायचं.

आमची जाहिरात कुरियनसरांनी स्वतः लिहिली होती. 'तुमच्या इंडियन पूर्वजांचा शोध, अस्सल इंडियन संशोधकांकडून.' मी म्हटलं, "सर, लोक भलतंच समजतील."

"मॅडम, यातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते दाखवा."

मी तीनदा वाचलं. एकही खोटं नव्हतं.

गिऱ्हाईकं आली ती बहुतेक खऱ्या होपींपैकी नव्हती. खऱ्या माणसांना आपली आजी कोण ते माहीत असतं. आमच्याकडे येत ते, ज्यांना कुणीतरी सांगितलेलं असे की आपल्यात थोडं इंडियन रक्त आहे. एका बाईंना होपीच पूर्वज हवे होते, पण समुद्राकाठचे, कारण त्यांना लाटांचा आवाज ऐकला की काहीतरी आठवल्यासारखं होई. मी नकाशा पाठवला. त्यांनी कळवलं की नकाशे बदलत असतात. राजकन्यांचे वंशज तर इतके आले की मी मोजायचं सोडून दिलं. होपींमध्ये राजे नव्हते, त्यामुळे राजकन्याही नव्हत्या, हे मी प्रत्येकाला लिहून कळवी. प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं असे, की बाकीच्यांच्या नसतील, आमची होती.

या सगळ्यांत डॉक्टर डेल हे सज्जन. अमेरिकेत दातांचा दवाखाना, वय साठीच्या पुढे. त्यांच्या मामाने मरताना सांगितलं होतं की आपली आजी होपी होती, कॅलिफोर्नियातल्या एका गावात कुणाच्या घरी कामाला होती आणि तिथेच तिने लग्न केलं. म्हणजे डॉक्टरांच्या आईची आजी. पुरावा म्हणून घरात एक जुनी गोधडी होती. तिच्यावर ठिगळांनी अस्वलाचे पंजे शिवलेले होते.

मला एका निवासी शाळेच्या यादीत एक मुलगी सापडली. तिला शाळेने त्याच गावात घरकामाला पाठवलं होतं. इंग्रजी नावापुढे कारकुनाने तिचं घरचं नावही लिहिलं होतं आणि समासात त्या नावाचा अर्थ दिला होता, अस्वलाच्या पावलांचा. शेवटच्या नोंदीत आधी 'दवाखाना' आणि मग इंग्रजीतलं 'डी' हे अक्षर, पुढे टिंब. मी ते डिस्चार्ज्ड असं वाचलं. बरी झाली, शाळेतून सुटली. पाण्याच्या कूलरशेजारी कुरियनसरांनी इंटरनेटवरून बनवलेला तक्ता लावला होता, प्लास्टिकचं आवरण घातलेला. नावात अस्वल तर कूळ अस्वलाचं, नावात ससा तर सशाचं. गाव जुळलं, अस्वल जुळलं, वय जुळलं. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला. मी अहवालात लिहिलं, 'शक्यता नाकारता येत नाही.' कुरियनसरांनी ते 'दाट शक्यता आहे' असं केलं. डॉक्टर डेल यांनी ते 'आहे' असं वाचलं.

दोन महिन्यांनी त्यांचा ईमेल आला. ते पत्नीसह क्रूझवर निघाले होते, बोट एक दिवस मस्कतला थांबणार होती, आणि ज्या इंडियन ज्येष्ठांनी आपली पणजी मिळवून दिली त्यांना डॉक्टरांना भेटायचं होतं.

"मॅडम, जरा पारंपरिक काहीतरी घाला," कुरियनसर म्हणाले.

"कुठल्या परंपरेचं?"

"ते तुम्ही ठरवा."

मी इरकल नेसले. यांनी सुट्टी घेतली आणि मला मत्रहच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर नेलं. जानेवारी असला तरी अकराचं ऊन लागत होतं. डॉक्टर सव्वासहा फूट उंच. त्यांनी माझ्या कुंकवाकडे पाहिलं, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळे मिटले. मला वाटलं त्यांना चक्कर आली. हे पाणी आणायला धावले. तेवढ्यात डॉक्टरांच्या पत्नीने पिशवीतून एक जाडजूड लोकरी घोंगडं काढलं आणि दोघांनी मिळून ते माझ्या खांद्यांभोवती गुंडाळलं. हा मान असतो म्हणाले. मग फोटो काढले. मी घोंगड्यात उभी. घाम पाठीवरून खाली उतरतोय. मासे विकून परतणारे दोन ओमानी म्हातारे थबकले आणि पाण्याची बाटली घेऊन आलेल्या यांना एकाने काळजीने विचारलं, "मरीदा?" म्हणजे बाई आजारी आहेत का.

"ला, ला," हे म्हणाले, "मबरूक." म्हणजे अभिनंदनाचा प्रसंग आहे. म्हाताऱ्यांनी माझं अभिनंदन केलं.

मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, "मी भारतातली इंडियन आहे. तुमच्या पणजीची कुणी नाही."

"मला माहीत आहे," ते हसून म्हणाले. "पण कोलंबसाने आपल्याला एकत्र आणलं."

हे मराठीत पुटपुटले, "घोंगडं परत करू नको. मनापासून आणलंय त्याने."

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "आता मी काय करायला हवं?" मला होपींचं एकच पक्कं माहीत होतं, की सगळं आईकडून येतं. म्हणून म्हटलं, "आईला फोन करा." त्यांची आई हयात होती, नव्वदीची. त्यांनी बोटीवर चढायच्या आधी तिथेच फोन लावला. आई म्हणाली की तिच्या माहितीप्रमाणे आजी जर्मन होती आणि लाँड्री चालवायची. "तिला आता काही आठवत नाही," डॉक्टर आम्हाला म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

मला तेव्हाच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. नव्वदीच्या बाईपेक्षा कागदावर विश्वास ठेवायची सवय मला रत्नागिरीपासूनची.

डॉक्टरांनी परत जाऊन इंटरनेटवर आपला वंशवृक्ष टाकला. वर ती मुलगी, घरच्या नावासकट, तिच्याखाली जर्मन आजीची चार मुलं, तळाशी डॉक्टर आणि शेजारी घोंगड्यातली मी, 'आमच्या मार्गदर्शक' म्हणून, ऑफिसच्या नंबरासह.

आठवड्याभरात फोन आला. संध्याकाळचे सहा वाजले होते, मी पर्स उचलत होते. तिकडे सकाळचे सात. कुरियनसरांनी फोन उचलला, दोन वाक्यं ऐकली आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला, जणू तो गरम होता.

"तुमच्याकडच्या इंडियनशी बोलायचंय," पलीकडची बाई म्हणाली.

"बोलतेय."

"कुठल्या गावच्या तुम्ही?"

"गुहागर."

"ते कुठल्या मेसावर?"

"मेसावर नाही. समुद्रावर आहे. भारतात."

ती हसली नाही. तिचं नाव मार्लीन. होपी, आपल्या गावात शाळेची बस चालवायची. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या त्या दातांच्या डॉक्टरने आमच्या आजीच्या थोरल्या बहिणीला त्याची पणजी केलंय. कुठून मिळाली ती तुम्हाला?"

मी सांगितलं. गाव, वय, नाव, आणि जरा तोऱ्यातच, अस्वलाचं कूळ.

"आमचं कूळ मक्याचं आहे."

"पण नाव तर अस्वलाचं आहे."

"नाव वडिलांच्या कुळावरून असतं. बाळ झालं की वडिलांच्या बहिणी येतात, त्या नाव ठेवतात. त्या अस्वलाच्या होत्या."

"आत्या," माझ्या तोंडून मराठीत निघून गेलं.

"काय?"

मी तिला सांगितलं की आमच्यातही बारशाला नाव आत्याच ठेवते. मी स्वतः भावाच्या दोन्ही मुलांची नावं ठेवली आहेत. नाव कानात सांगून झालं की बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात.

"का?"

"माहीत नाही. पण जोरात घालतात."

तेव्हा ती हसली. आणि मला मात्र कूलरशेजारचा तक्ता दिसायला लागला. त्या तक्त्यावरून मी किती जणांना 'जुळतं' आणि किती जणांना 'जुळत नाही' असं लिहून दिलं होतं. आत्या नाव ठेवते ही गोष्ट माझ्या पाठीला माहीत होती. एकदाही विचारायचं सुचलं नाही.

मार्लीन म्हणाली, "शाळेची ही यादी आम्ही कधी पाहिली नाही. आम्ही घरच्या नावाने शोधत होतो, तिचं इंग्रजी नावच माहीत नव्हतं. पुढे काय झालं तिचं? आमच्यात सांगतात की ती तिकडेच रमली. आजी मरेपर्यंत तिच्यावर रागावलेली होती. म्हणायची, बहीण आम्हाला विसरली."

"शाळेतून सुटली असं लिहिलंय," मी म्हटलं. "डी. डिस्चार्ज्ड."

"ते पान मला पाठवाल?"

मी उद्या पाठवते म्हणाले. पाठवण्याआधी पुन्हा एकदा बघावं म्हणून सकाळी ते पान उघडलं. मग त्याच्या आधीचं उघडलं, मग त्याच्या नंतरचं. त्याच कारकुनाची चाळीस पानं मी त्या सकाळी वाचली. जी मुलं शाळा सोडून गेली त्यांच्यापुढे तो डिस्चार्ज्डची पहिली चार-पाच अक्षरं लिहून रेघ ओढायचा. 'डी' आणि टिंब त्याने मोजक्याच नावांपुढे लिहिलं होतं आणि त्या प्रत्येक नावाआधी दवाखाना होता. ती नावं पुढच्या वर्षीच्या कुठल्याच यादीत नव्हती. डाइड. वारली. ती पंधरा वर्षांची होती.

हे मला आधीच दिसायला हवं होतं. कुठल्याही नवशिक्या मुलीला मी पहिल्या दिवशी शिकवायची, की एका अक्षरावर जाऊ नकोस, त्या कारकुनाची सवय बघ. पण मला ती बरी होऊन बाहेर पडायला हवी होती, म्हणून मी तिला बाहेर काढली होती.

मी कुरियनसरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "मॅडम, फाइल बंद झालीय. ग्राहक खूश आहे. हरकत कुणाची आहे? जी आपली ग्राहकच नाही तिची. एका ग्राहकाचे कागद आपण बाहेर देत नाही, हा नियम आहे."

"सर, ती पंधराव्या वर्षी वारली. आणि आपण तिला चार मुलं लावून दिलीत."

खाली यंत्र करकरत होतं. त्यांनी टेबलावरचा स्टेपलर सरळ करून ठेवला. त्यांना दोन मुली. मग उठले आणि म्हणाले, "मी चहाला जातोय. अर्धा तास लागेल. माझा कॉम्प्युटर चालूच राहिलाय बहुतेक."

बाहेर कागद पाठवायची सोय त्याच कॉम्प्युटरवर होती. मी ती सगळी पानं मार्लीनला पाठवली आणि संध्याकाळी फोन केला. आयुष्यात मी शेकडो मृत्यू वाचले आहेत, पण कुणाच्या घरी कळवलेला हा पहिला. तोही शंभर वर्षं उशिरा. मी म्हटलं, "सुटली असं मी सांगितलं ते चुकीचं वाचलं होतं. ती तिथेच गेली. शाळेच्या दवाखान्यात."

मागे तिच्या बसचं इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "म्हणजे ती विसरली नव्हती."

"नाही."

"बस सुरू ठेवलीय, मुलं बसलीत," ती म्हणाली. "नंतर बोलते."

डॉक्टर डेल यांना सांगणं त्याहून लांबलं. तासभर फोन चालला. ते आधी म्हणाले, "मग ती गोधडी?" मी सांगितलं की अस्वलाच्या पंजाची नक्षी तिकडे घरोघरी शिवतात, आपल्याकडे स्वेटरवर हंस विणतात तशी. त्यांना हंसाचं कळलं नाही, पण बाकीचं कळलं.

"मग मी कोण?" त्यांनी विचारलं. दातांचा एवढा मोठा डॉक्टर, पण आवाज लहान झाला होता.

"तुमची आई सांगते ते. लाँड्रीवाल्या जर्मन बाईंचे पणतू."

"लाँड्री," ते म्हणाले. मग, "तुम्ही तरी इंडियन आहात ना?"

"हो. ते नक्की."

तीन आठवड्यांनी त्यांनी वंशवृक्षातून त्या मुलीला काढलं आणि मार्लीनला माफीचं पत्र लिहिलं. पत्र आठ पानी होतं, असं मार्लीनने मला सांगितलं, आणि त्यातली साडेसात पानं डॉक्टरांबद्दल होती. तरी तिने ते ठेवलं. मी मात्र तक्ता काढून टाकला आणि कुरियनसरांच्या परवानगीने जुने अहवाल नेलेल्या ग्राहकांना दुरुस्तीची पत्रं पाठवली. फार थोड्यांची उत्तरं आली. एकाने कळवलं की त्याने अस्वल दंडावर गोंदवून घेतलं आहे, तेव्हा आता उशीर झाला. कुरियनसरांनी जाहिरात बदलून 'इंडियन, भारतातील' असं केलं. त्यानंतर वंशावळीबरोबर पत्रिकाही मिळेल का, अशी विचारणा सुरू झाली.

मार्लीनचं काम मात्र एका ठिकाणी अडलं. ज्या दफनभूमीत शाळेची मुलं पुरली होती तिथल्या नोंदवहीत फक्त इंग्रजी नावं आणि दगडांचे आकडे. ही मुलगी तीच, याचा दाखला यादी वाचणाऱ्याकडून हवा होता. तो मी दिला. चौदा वर्षांत मी लिहिलेला सगळ्यात छोटा कागद तोच. एक ओळ, खाली सही. 'शक्यता' हा शब्द त्यात नव्हता. कुरियनसरांनी तो वाचला आणि या वेळी काही बदललं नाही.

वसंतात मार्लीन आणि तिच्या तीन बहिणी तिथे जाऊन आल्या. शेवटच्या रांगेत, कुंपणाशी, फक्त आकडा असलेला दगड होता. त्यांनी तिथे काय केलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फोनवर एवढंच म्हणाली की घरून मक्याचं पीठ नेलं होतं आणि तिच्याशी आपल्या भाषेत बोललो.

मग तिने विचारलं, "तुम्ही आमच्याबद्दल कुठे लिहिणार असाल तर तिचं नाव छापाल का?"

"नाही छापणार."

"ठीक. पण तुम्ही ते कसं वाचता ते मला ऐकायचंय."

मी कारकुनाने लिहिलं होतं तसं वाचून दाखवलं, अक्षराला अक्षर लावून. ती म्हणाली, नाही. तिने म्हणून दाखवलं. मधे एक अडखळ होती, घशातली, जी त्या कारकुनाने लिहिलीच नव्हती, त्याला ती ऐकूच आली नसावी. मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, शेवट वर जात नाही. मी पुन्हा म्हटलं. हे दाराशी गाडीची किल्ली घेऊन उभे होते. तिने आणखी एकदा सावकाश म्हणून दाखवलं.

चौथ्यांदा मी म्हटलं तेव्हा तिने काही सुधारलं नाही. नुसतं "हं" म्हणाली.